मावशीच्या पडद्यावरची मुंगी

माझी मावशी कापडगिरणीत कापड तपासते. तिच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही. मी शर्ट उलटा घालून आलो तर दारातूनच ओरडते. कापडात बारीक गाठ दिसली की ती म्हणते "मुंगी!", आणि तेवढा तुकडा कापून बाजूला. असे खराब तुकडे कामगार घरी नेतात. त्यामुळे मावशीच्या घरच्या प्रत्येक पडद्यात काही ना काही खोट.

यंदा गिरणीच्या ऑर्डरी शेजारच्या देशात जायला लागल्या. तिकडे म्हणे एआयवाला कॅमेरा झपाट्याने कापड तपासतो. मग गिरणीच्या मालकांनीही तसलाच आणला. मावशी तोंड पाडून घरी आली. "झालं! आता माझी जागा त्या डबड्याला."

पण डबडं निघालं ठार अडाणी. त्याला शिकवायला आलेली इंजिनीअर मुलगी म्हणाली, "याला आधी पुष्कळ खराब कापड दाखवावं लागतं. कुठे ठेवता?" गिरणीत एक चिंधी नव्हती. सगळं घरोघरी खिडक्यांवर लटकत होतं, आणि नोकरीच्या धास्तीने कुणी तोंड उघडेना.

"तूही गप्प बस," मी मावशीला म्हटलं. "ते शिकलंच नाही तर तुझी नोकरी शाबूत."

"अरे शहाण्या, ऑर्डरीच गेल्या तर तपासू काय, तुझं डोकं?" असं म्हणून ती स्टुलावर चढली आणि पडदे उतरवायला लागली. मला फार वाईट वाटलं, पण स्टूल धरून उभा राहिलो.

तिचं बघून बाकीच्यांनीही पडदे, चादरी, अभ्रे आणले. मावशीने मुलीशेजारी बसून एकेक खोट दाखवली. कॅमेरा शिकला, ऑर्डरी परतल्या. चार तपासनीस होत्या, त्यातल्या तिघी पॅकिंगला गेल्या. त्यावरून मावशी अजून धुसफुसते. तिला मात्र ठेवलं, कॅमेरा अडला की निकाल द्यायला.

आता कॅमेरा गाठ दिसताक्षणी कापड विणणारा मागच थांबवतो, त्यामुळे खराब तुकडे मिळेनासे झाले. बिनपडद्याच्या खिडकीतून शेजारीण आमच्या भाजीत मीठ कमी आहे का विचारायला लागली, तेव्हा मावशी जन्मात पहिल्यांदा पडद्याचं कापड विकत आणायला गेली.

दुकानदाराने शेजारच्या देशाचं कापड पुढे टाकलं. "कॅमेऱ्याने तपासलंय, बाई. एक खोट काढून दाखवा."

मावशीने कापड उजेडात धरलं, आणि अशी काही ओरडली की अख्खं दुकान वळलं. "मुंगी!"

तेच कापड घेतलं तिने. मुंगी बरोबर मधोमध येईल असा पडदा शिवला. आता घरी कुणीही येवो, पाणी नंतर, आधी खिडकीपाशी नेते.