काठाला कात्री

लेकीच्या ऑफिसच्या ड्रेससाठी केलेली यादी अजून माझ्या डायरीत आहे. चौदा कामं. तेरा कामांपुढे बरोबरची खूण आहे. आठव्यापुढे नाही. तिथे फक्त लिहिलंय, ‘काठाचं काय?’

यादीशिवाय माझं पान हलत नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी सरकारी नोकरीत नवीन होते. कोणती फाइल तिकडे जाणार आणि कोणती भंडाऱ्यात राहणार, याच्या दोन रकान्यांच्या याद्या मी महिनोन्‌महिने केल्या. तेव्हापासून घरातही तेच. किराण्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळं कागदावर. दोन रकाने आखले की कुठलाही प्रश्न सुटतो, असं माझं पक्कं मत होतं.

लेकीला नागपूरच्या एका ऑफिसात नोकरी लागली. रुजू व्हायला सव्वा महिना होता. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या शर्टावर गडद निळा पिनाफोर. बाह्या नाहीत, छातीशी चौकोनी तुकडा, खांद्यांवरून दोन रुंद पट्टे, कमरेत बसलेला, गुडघ्याखाली संपणारा.

“हा तर शाळेचा ट्युनिक,” मी म्हणाले.

“आई, प्लीज. नीट बघ ना. पहिल्या दिवशी मी हाच घालणार, आणि तूच शिवायचा. फक्त घरी शिवलेला वाटायला नको.”

ऑफिस सांभाळून मी वीस वर्षं शिवते आहे. त्यामुळे हे काम मला अवघड वाटलं नाही. कापड भंडाऱ्याच्या बाजारातून आणायचं ठरवलं होतं. पण बातमी माहेरी, मोहाडीकडच्या आमच्या गावात, बाबांपर्यंत पोचली. बाबा विणकर. सगळी हयात त्यांनी कोसा रेशमाच्या साड्या विणल्या. आता डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही पुढचं धुकं काही गेलं नव्हतं, आणि माग बहुतेक वेळ झाकलेलाच असायचा.

फोनवर म्हणाले, “नातीच्या पहिल्या नोकरीले बाजारचं कापड? आम्ही मेलो का वं?”

मग मी त्यांना सांगितलं. एकदा नाही, चारदा. चार मीटर, एकच रंग, साधं. एका रविवारी जाऊन मोठ्या अक्षरांत कागदावरही लिहून आले आणि ‘साधं’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

तीन आठवड्यांनी कापड आणायला गेले. बाबांनी गुंडाळी खाटेवर उलगडली. निळा असा गहिरा, की मी पहिल्यांदा नुसता हात फिरवला. मग दोन्ही कडांकडे लक्ष गेलं. चार-चार बोटं रुंद, लालभडक काठ. करवतीच्या दातांचा, आमच्याकडच्या साडीला असतो तसाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“बाबा, मी साधं सांगितलं होतं.”

“सादंच तं आहे. पदर टाकला का मी?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काठाचा धोटा, लाल धाग्याचा, मी टाकला. ह्यांच्या बाजूले बसून. गुडघे बोंबलून राहिले होते, पण बसली. एकट्याच्यानं काठ निघते का?”

बाबांच्या लेखी काठ ही काही नक्षी नव्हती. काठ नसलेलं कापड म्हणजे मागावरून अर्ध्यात उतरवलेलं कापड. आणि आमच्या घरात एक नियम होता, काठाला कात्री लावायची नाही. जुन्या साडीची गोधडी करतानाही साडी आडवी फाडायची, काठासकट. काठ वेगळा करायचा नाही. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, म्हणून माझ्या यादीतही तो आला नाही.

लेकीने कापड पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

“आई, ही साडी आहे.”

“खालच्या घेराला काठ येऊ दे. चांगला दिसेल.”

“हो, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या विचारतील, मॅडम, लग्न कोणाकडे आहे? मला तिथे कोणीच ओळखत नाही गं. पहिल्या दिवशी तरी मला सगळ्यांसारखं दिसू दे.”

तिचंही खरं होतं. मी दोन रकाने आखले. ‘काठ ठेवला तर’ आणि ‘काठ काढला तर’. दोन्ही रकाने पानाच्या तळापर्यंत भरले आणि प्रश्न होता तिथेच राहिला. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, बाबा आणि आई नातीला निरोप द्यायला येणार होते. बाबांना दिसत नव्हतं म्हणावं, तर ते कापड बोटांनी वाचायचे.

कापड भिजवलं, सावलीत वाळवलं, किंचित ओलं असतानाच इस्त्री केली. खाकी कागदावर मापं काढली. तेवढं सगळं खुणा करत पार पडलं. मग कात्री घेऊन बसले. निळ्या भागात कात्री सरसर जाते, काठाशी धागा दाट, तिथे ती अडते. मी काठाला लागूनच, पण निळ्यातून, कापत गेले. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सुटून जमिनीवर पडल्या. त्या मी गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. एवढी साधी कृती होती, पण नंतर बराच वेळ मला पुढचं काम काय ते आठवेना. यादी समोर असून.

एक प्रयत्न केला. काठ घेराच्या आतून लावला, म्हणजे बाहेरून साधा आणि आतून काठ. मनात म्हटलं, सुटलं. लेकीने घालून पाहिलं तर घेर ताठ उभा राहिला आणि बाहेरून फुगीर रेघ दिसू लागली.

“आई, हे काय लागतंय पायाला?”

मी उसवून टाकलं. पुन्हा डब्यात.

बाकी ड्रेस मात्र असा बसला की मलाच नवल वाटलं. कमरेचे टक्स सरळ, बाजूची चेन दिसेनाशी, खिसे तिच्या हाताच्या मापाचे. आरशासमोर ती वळून वळून पाहत होती. “ऑनलाइनवाल्यापेक्षा भारी,” म्हणाली. तिला इतकं खूश मी नोकरीचं पत्र आलं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

रविवारी दोघं सकाळच्या बसने आले. पाणी पिऊन होताच बाबा म्हणाले, “घालून दाखव तं माय.”

ती घालून आली. त्यांनी तिला खुर्चीजवळ उभं केलं आणि घेर हातात धरला. बाबांना सांगायचं वाक्य मी डायरीत लिहून पाठ केलं होतं, ‘बाबा, ऑफिसात चालत नाही, काठ जपून ठेवला आहे.’ ते म्हणायच्या आतच त्यांची बोटं घेराच्या कडेने सरकत एक फेरी पूर्ण करून आली. मग दोन्ही पट्टे, खिशांचं तोंड. मग पुन्हा घेर. लेक माझ्याकडे पाहत होती. आई जमिनीकडे.

“काठ आतून लावला का वं?” बाबांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी कापड सोडलं. आतून हात घालून पाहिलं नाही. “बरं केलं,” म्हणाले. “धूळ नाई लागत.”

चार मीटरमधला एक तुटका धागा शोधणारी ती बोटं. त्यांना कळलं नसेल, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी ती तो ड्रेस घालून गेली. संध्याकाळी फोन आला, एकीने विचारलं म्हणे, कुठून घेतला? मला आनंद झाला. तो कुठल्या रकान्यात लिहायचा ते समजलं नाही.

बाबा अजून फोन करतात. नातीची विचारपूस झाली की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो, “काठ मळला नाई ना?”

“नाही बाबा,” मी सांगते. हे मात्र खोटं नाही. डब्यात तो मळणार कसा?