बाईंचे मुतवल्लीचाचा

महिन्याच्या एक तारखेला मुतवल्लीचाचा आमच्या दुकानात पाणीसुद्धा पीत नसत. भाडं घ्यायचं, पावती फाडायची, टोपी सारखी करायची आणि निघायचं. दोन तारखेला मात्र तेच चाचा ऐसपैस बसून दोन कप चहा घेत. म्हणत, "काल मी वसुलीला आलेलो. भाडेकरूचा चहा पोटात गेला की जीभ गुळगुळीत होते. आज तुझा चाचा आलाय. साखर नीट घाल."

कल्याणात आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, मी टिकवलं. वाढवलं, असं बायकोसमोर म्हणता येत नाही. हा गाळा आणि शेजारचे तीन, असे चार गाळे एका बाईंनी फार पूर्वी वक्फ केलेले, म्हणजे अल्लाच्या नावाने कायमचे सोडून दिलेले. अट एकच: भाड्यातून गरीब बाळंतिणींना औषधपाणी मिळावं, जातधर्म न विचारता. मागच्या गल्लीतला छोटा दवाखाना त्याच भाड्यावर चालायचा. असा कारभार सांभाळणारा तो मुतवल्ली. चाचा शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. या कामाचा एक पैसा घेत नसत.

त्यांचं पालुपद ठरलेलं, "बाईंना विचारायला हवं." पोटमाळा काढू का? बाईंना विचारायला हवं. दाराला शटर बसवू का? बाईंना विचारायला हवं. मी तेव्हा नुकताच गल्ल्यावर बसायला लागलेलो. माझी पक्की समजूत, चाचांच्या घरी कुणी करारी म्हातारी खाटेवर बसून हुकूम सोडत असणार. दिवाळीत मी खास बाईंसाठी फराळाचा डबा दिला, दात नसतील म्हणून मऊ चकल्या निवडून. चाचांनी तो गंभीरपणे घेतला. बाईंना जाऊन सत्तर वर्षं झाली, हे मला संध्याकाळी वडिलांनी सांगितलं. त्यांना विचारायचं म्हणजे त्यांनी लिहून ठेवलेला कागद उघडून वाचायचा. डबा परत करताना चाचा म्हणाले, "दवाखान्यात वाटल्या. चकली अटीत बसते का ते आधी बघितलं. मनाई नाहीये."

तो दवाखाना पूर्वी रोज उघडत असे. मग तीनच दिवस उघडू लागला, मग फक्त गुरुवारी. मी पडलो बी.कॉम., शिवाय सल्ला द्यायची खाज.

"चाचा, तुमचं मॅनेजमेंट चुकतंय. गाळे विका, पैसे कुठेतरी गुंतवा."

"विकायचा हक्क बाईंनी स्वतःकडेसुद्धा ठेवला नाही रे. मला कुठून येणार?"

"मग खर्च कमी करा."

"डॉक्टरीणबाई फुकट येतात. झाडू मी मारतो. आता कमी करायला औषधंच राहिली," म्हणाले आणि हसले.

वर्षातून एकदा ते हळूच विचारत, "भाड्याचं जरा बघशील?" मी म्हणे, "बघतो." अकरा वर्षं मी बघत होतो.

एका मंगळवारी दुकानात झाडलोट करणारी सुनीता चक्कर येऊन खाली बसली. आठवा महिना. माझी बायको मेधा नेमकी दुकानात होती. ती तिला धरून मागच्या गल्लीत गेली, तर दवाखान्याला कुलूप. मग रिक्षा, मग दुसरं हॉस्पिटल. निभावलं. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरी आल्यावर मेधाने विचारलं, "आपण भाडं किती देतो रे?"

"बाबांच्या वेळचंच," मी जरा अभिमानानेच आकडा सांगितला.

"अरे, आपल्या गाडीच्या पार्किंगला याहून जास्त जातात! म्हणजे त्या बाळंतिणींच्या औषधांवर आपलं दुकान चाललंय."

आयुष्यात कुणाचं दान घेतलं नाही, अशी माझी ताठ मान. आणि त्या धर्मादायाचे सगळ्यात मोठे लाभार्थी आम्हीच निघालो.

पुढच्या एक तारखेला मी बाजारात चालू असलेलं भाडं चाचांपुढे ठेवलं. त्यांनी पावती फाडली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा.

"चाचा, काही बोलाल की नाही?"

"काय बोलू? भाडं दिलंस. दान दिलं असतंस तर दुवा दिली असती."

"पण इतकी वर्षं जोर का नाही केलात? कोर्टात जायचं."

"वकिलाची फी औषधांतूनच गेली असती ना." दारापर्यंत गेले, चष्मा काढून पुसला, आणि पाठमोरेच म्हणाले, "सोमवारीपण उघडतो आता."

गेल्या थंडीत चाचा गेले. त्यांची लेक आता कारभार बघते. शोकसभेत शेजारचे गादीवाले मोरे उठले. म्हणाले, आपण चौघा भाडेकरूंनी वर्गणी काढून दवाखान्यावर चाचांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू या. सगळ्यांचे डोळे ओले झाले. मी उभा राहिलो.

"पाटी नको. तुम्ही तिघंही भाडं वाढवा."

"अरे, हे आज बोलायचं का?" मोरे भडकले. "माणूस जाऊन आठवडा नाही झाला!"

"माणूस होता तेव्हा आपण कुणी बोललो नाही, मोरे. मीसुद्धा."

मोरे दीड महिना माझ्याकडे बघत नव्हते. मग एका सकाळी दुकानाची पायरी चढून आले आणि "किती वाढवलंस रे तू?" एवढंच विचारून गेले. आता दवाखाना बुधवारीही उघडतो. तो वार मोऱ्यांचा.

मंगळवार अजून बंदच आहे. उरलेल्या दोघांकडे मी दर आठवड्याला जातो. भांडण मला जमत नाही, समोरच्याने आवाज चढवला की माझाच बसतो. पण चाचांसारखं अकरा वर्षं गोड बोलत थांबण्याचा धीरही माझ्यात नाही. म्हणून भांडायला शिकतोय, या वयात.