मामांनी मिळवून दिलेलं काम

वसमतच्या एका साडीच्या दुकानात मी काम मागायला गेले आणि ब्लाऊजपीस घेऊन बाहेर आले. आत शिरताना वाक्य तोंडपाठ होतं. ‘नमस्कार, मी जाहिरातींचा मजकूर लिहिते, तुमच्या दुकानासाठी काही करता येईल का?’ एवढंच. पण गादीवरच्या माणसानं “या ताई, काय दाखवू?” असं म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, “ब्लाऊजपीस.” पुढच्या दुकानातही तेच झालं. त्या उन्हाळ्यात माझ्या कपाटात इतके ब्लाऊजपीस साठले की सासूबाईंनी एक दिवस विचारलं, “काहून गं, कोणाचं लगीन हाये का?”

मी कॉपीरायटर. जाहिरातीत जे शब्द असतात ते लिहिणारी. लग्नाआधी पुण्यात एका एजन्सीत होते. लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा काम सोबत आणलं, कारण त्याला लागतं काय, लॅपटॉप आणि नेट. नवरा वसमतला बँकेत. तो सकाळी गेला की मी माडीवरच्या खोलीत बसून साबण, विमा, पुण्यातले फ्लॅट असलं काहीबाही लिहायची. सुरुवातीला काम भरपूर होतं. मग हळूहळू फोन कमी झाले. ज्या बाईकडून मला सगळ्यात जास्त काम यायचं, तिनं शेवटी सरळ सांगितलं, “अगं, आता ते कॉम्प्युटरच लिहून देतो. आम्ही फक्त वरून हात फिरवतो.” ती वाईट बोलली नाही. उलट तिचाच आवाज ओशाळलेला होता, आणि तिला बरं वाटावं म्हणून मीच “चालेल, चालेल” म्हणत राहिले.

त्यानंतर मी अनोळखी कंपन्यांना मेसेज पाठवायला लागले. मेसेज वाचल्याची निळी खूण यायची आणि पुढं काहीच नाही. तरी मी दिवसभर माडीवरच बसायची. खाली उतरले असते तर काम नाही हे घरच्यांना कळलं असतं. सासूबाई चहा वर आणून द्यायच्या आणि दार हळू लोटायच्या, मी कामात आहे म्हणून. त्या हळू लोटलेल्या दाराची मला फार लाज वाटायची. आत मी रिकाम्या पडद्यासमोर बसलेली असायची.

ब्लाऊजपीसचा विषय निघाला तेव्हा जेवताना मी खरं काय ते सांगून टाकलं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी याच जिल्ह्यात गेली. हिंगोली, औंढा, कळमनुरी, वसमत, सगळे रस्ते त्यांच्या पायाखालचे. त्यांनी घास हातातच थांबवला.

“मग आधी सांगायचं न्हाई का, पोरी? या जिल्ह्यात असा कोण हाये जो मला वळखत न्हाई?”

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणून करणार काय होते?

पहिल्यांदा आम्ही जवळा बाजारला गेलो, बाजाराच्याच दिवशी. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते दुकानात शिरले की आधी हालहवाल, मग चहा, आणि मग माझ्याकडं हात करून खड्या आवाजात सुरू व्हायचे. चालत्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज, त्यांना हळू बोलताच येत नाही.

“ही आमची सून. पुण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांना लिहून देते.”

“काय लिहून देते? अर्ज?”

“अर्ज न्हाई हो! जाहिरात! टीव्हीत असते का न्हाई, तशी.”

दुकानात आलेल्या बायका माझ्याकडं वळून बघायच्या. मी टीव्हीसाठी कधीच लिहिलं नव्हतं, पण ते तिथं कसं सांगायचं? चहा सगळीकडं मिळाला, काम कुठंच नाही. एका चपलांच्या दुकानदारानं मात्र विचारलं की दारात लोक गाड्या लावतात, त्याच्यासाठी काही लिहाल का. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलं, ‘गाडी जरा पुढं लावा, गिऱ्हाईक अडून राहिलंय.’ तो हसला, त्यानं पुठ्ठा दारात टांगला. परतीच्या गाडीत मामा खूष होते. “बोहनी झाली,” म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होते. कॉलेजात माझा निबंध दरवर्षी पहिला यायचा, आणि आज माझा सासरा मला दुकानोदुकानी दाखवत फिरला होता. पण त्यांचा उत्साह बघून काही बोलवेना.

नंतर मामांना कुणीतरी सांगितलं की वारंगा फाट्याला एक मोठं हॉटेल निघतंय. फॅमिली रेस्टॉरंट, मागं लग्नाचा लॉन. मालक चांगला माणूस आहे, जाहिरात करणार आहे. मामांनी लगेच उद्या जाऊ म्हटलं. मी त्या रात्री नीट तयारी केली. हायवेवरच्या पाट्या कशा असाव्यात, मेनूकार्डाची भाषा कशी असावी, सगळं मनात मांडलं. यावेळी मीच बोलायचं, मामांना आधी बोलू द्यायचं नाही, असंही ठरवलं.

हॉटेल अर्धं उघडलं होतं. एका बाजूला फरशी बसवायचं काम चाललेलं, दुसऱ्या बाजूला टेबलं लागलेली आणि काही ड्रायव्हर लोक जेवत असलेले. मालक काउंटरवर बसला होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, अंगानं भरलेला. मी तोंड उघडायच्या आत मामांनी रामराम घातला आणि सुरू झाले. आमची सून, पुणे, मोठमोठ्या कंपन्या. मालक ऐकत होता, पण माझ्याकडं बघत नव्हता. तो मामांच्या तोंडाकडं निरखून बघत होता.

“तुमी येष्टीत कंडक्टर होते का?”

“व्हय, होतो की!” मामांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बघ, म्हटलं नव्हतं?

“मला वळखलं?”

“न्हाई बुवा. चेहरा बदलतो माणसाचा.”

“तुमी कसं वळखणार,” मालक म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “बारावीला होतो मी. इंग्रजीचा पेपर होता, कळमनुरीला. आमच्या गावच्या फाट्यावर सकाळपासून उभा होतो. तुमची गाडी आली. माझा एक पाय पायरीवर होता. तुमी म्हणले, उतर, मागून गाडी येऊन राहिली. आन् डबल बेल मारली.”

मामा हसतच होते. चेहऱ्यावर आलेलं हसू परत घ्यायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

“मागं गाडी न्हौती. मी पळलो तुमच्या गाडीमागं. तुमी मागच्या काचेतून बघून राहिले होते. पेपर हुकला. त्या साली नापास झालो, मग बापानं शाळाच सोडवली.”

जेवणाऱ्यांचे हात थांबले होते. फरशी बसवणाराही बघत होता. मामांनी विचारलं, “कोणता फाटा?” मालकानं गावाचं नाव सांगितलं. मामांनी डोळे बारीक केले. ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. मग हळू म्हणाले, “गाडी भरलेली असंल.”

“भरलेली होती. मागून गाडी न्हौती.”

मला वाटलं आता मामा चिडतील. घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. नोकरीतल्या गोष्टी सांगतात त्यातही ते नेहमी वरचढ असतात. पण ते उठून उभे राहिले, त्यांनी हात जोडले, अगदी कोपरापासून, आणि म्हणाले, “चुकलं माझं. माफी मागतो तुमची. पण त्याचा राग या लेकरावर काढू नका. लई चांगलं लिहिते ती.”

मी उठले. “मामा, चला आपण.”

“बस.”

“मामा, नको. चला ना.”

“बस म्हणलं ना. कामासाठी आलो, काम झाल्याबिगर कसं जायचं?”

ते जोडलेले हात खाली न घेताच हे बोलले. मी बसले. दुसरं काय करणार होते? ओढून नेलं असतं तर त्या माणसांसमोर त्यांची आणखी शोभा झाली असती. मालकच शेवटी काउंटरमागून बाहेर आला. तोही ओशाळला होता. “अहो काका, बसा, बसा. माफीसाठी न्हाई बोललो मी. तोंड दिसलं आन् निघून गेलं तोंडातून.” त्यानं पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं, मग चहा. आम्ही तिघं एका टेबलाभोवती बसलो आणि कुणालाच कुणाकडं बघवेना.

मग तो एकदम कामाचं बोलायला लागला, त्या प्रसंगातून सुटका करून घ्यावी तसा. पाट्या करायच्या आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. मेनूकार्ड करायचं आहे. लॉनसाठी मोबाईलवर टाकायला काहीतरी. आधी काय काय लिहिलंय ते दाखवा म्हणाला. मी फोन उघडला. तरणतलाव असलेल्या सोसायट्या, बाळांचा साबण, परदेशी सहली. तो अंगठ्यानं वर सरकवत गेला.

“चांगलं हाये. पण इकडचं काही?”

“इकडचं अजून काही लिहिलं नाही,” मी म्हणाले. आदल्या रात्री मनात मांडलेल्यातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं.

“लिहिलं की!” मामा म्हणाले. “जवळा बाजारला, चपलाच्या दुकानात. सांग ना काय लिहिलं ते.”

मला ते सांगावं लागलं. ‘गाडी जरा पुढं लावा, गिऱ्हाईक अडून राहिलंय.’ मालक हसला. पहिल्यांदाच हसला तो. म्हणाला, “असंच पायजे मला. पुण्यासारखं नको.” आणि काम मला मिळालं.

परत येताना जीपमध्ये मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. नाहीतर कुठल्याही गाडीत त्यांना पुढंच बसायचं असतं. माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, “मला खरंच आठवत न्हाई गं. मागून गाडी हाये, हे सगळेच म्हणतात. म्हणल्याबिगर लोक दार सोडत न्हाईत. दिवसातून कितीदा म्हणलो असंल.”

“तुम्ही माफी मागायला नको होती, मामा.”

“काहून? चूक झाली तर मागायचीच.”

“पण माझ्या कामासाठी...”

त्यांनी यावर जरा विचार केला. “ते बी खरं हाये,” म्हणाले. “तुझं काम नसतं तर मागितली असती का, सांगता येत न्हाई.”

हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला मी फक्त एवढंच सांगितलं की काम मिळालं. पण गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच, जेवणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एक आमच्याच गावचा निघाला. नवरा रागावून म्हणाला, “बाबांना घेऊन दारोदार कशाला हिंडायचं? आपल्याला काय कमी पडलंय?” मामा बाहेर ओट्यावर होते, त्यांना ऐकू गेलं असणार. पुढं कितीतरी दिवस ते सासूबाईंना मधूनच विचारायचे, “मी नोकरीत लई कडक होतो का गं?” सासूबाई म्हणायच्या, “मी काय गाडीत होते?”

पाट्या मी मन लावून लिहिल्या. चालत्या गाडीतून एका नजरेत वाचता येईल आणि इथल्या माणसाला आपली वाटेल अशी भाषा शोधायला मला वेळ लागला. माडीवरून उतरून मी सासूबाईंच्या चुलीपाशी बसून ती वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायची आणि त्या म्हणायच्या, “असं कोण बोलतं?” तयार झाल्यावर मी एकटीच वारंग्याला गेले. त्यात धाडस काही नव्हतं. मामांना पुन्हा त्या टेबलाशी बसवणं मला शक्य नव्हतं, म्हणून गेले. या खेपेला मी बोलले. काय लिहिलंय आणि का, ते सगळं सांगितलं. मालकानं दोन ठिकाणी बदल सुचवले, ते बरोबर होते. निघताना म्हणाला, “काकांना सांगा, चहाला या एकदा. माझ्या मनात काही न्हाई.”

मी निरोप दिला. मामा “जाऊ कधीतरी” म्हणाले आणि आजवर गेलेले नाहीत.

त्या पाट्या बघून एका टायरवाल्यानं फोन केला, मग एका रोपवाटिकेनं, मग हळदीचं पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या गटानं. आता मी दुकानात शिरते तेव्हा ब्लाऊजपीस न घेता, कामाचं बोलूनच बाहेर पडते. कुणी विचारलं की पहिलं काम कसं मिळालं, तर मी “ओळखीतून” म्हणते. लोक मान डोलावतात. त्या शब्दानं माझं समाधान कधीच होत नाही. पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

मागच्या महिन्यात एसटीनं हिंगोलीला जाताना शेजारच्या सीटवरची बाई तिच्या लेकराला वारंग्याच्या हॉटेलची पाटी वाचून दाखवत होती. लेकरू खदखदून हसलं आणि पुन्हा वाच म्हणालं, तोवर पाटी मागं गेली होती. ‘ते मी लिहिलंय’ असं मला म्हणता आलं असतं. मामा माझ्या पलीकडं बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी त्यांनी अख्ख्या गाडीला ओरडून सांगितलं असतं. पण हॉटेल समोर आलं तेव्हा आम्ही दोघंही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होतो.