दरडीतली काच

वडगाव रासाईच्या खाली भीमेची दरड उभी कापल्यासारखी आहे. तिथं काळ्या मातीच्या पोटात एक पांढुरका थर दिसायचा, पिठासारखा मऊ. लग्न होऊन गावात आल्यापासून सुलतानबी तो खणत होती. ती आणि शेजारची अनसाबाई माती उकरायच्या, फडक्यातून चाळायच्या आणि शिरूरच्या, राहूच्या बाजारात भांडी घासायची पावडर म्हणून विकायच्या. चाळताना पांढरा धुरळा उडायचा. भुवया-पापण्या पांढऱ्या झाल्या की दोघी एकमेकींना म्हातारी म्हणून चिडवायच्या.

खोकला दोघींनाही होता. चुलीच्या धुरानं असेल, असं त्या म्हणायच्या.

२००३च्या उन्हाळ्यात पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मायाबाई दरडीवर आल्या. माहेर राहूचं, त्यामुळं बोलायला मोकळ्या. त्यांनी पिशव्यांतून माती नेली, तपासली आणि परत येऊन सुलतानबीजवळ बसल्या. ही माती इथली नाही, म्हणाल्या. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापार सुमात्रा बेटावर जमिनीखाली वितळलेला खडक साठला होता आणि त्यात वायू कोंडला होता. तो दाब वरच्या जमिनीला सोसेना, तेव्हा सगळा डोंगरच उडाला. त्याची राख वाऱ्यानं इथपर्यंत आली, गवतावर, पाण्यावर बसली. वर आभाळात जे राहिलं त्यानं ऊन मंदावलं. किती वर्षं, ते शास्त्रज्ञांनाही नक्की सांगता येत नाही.

तेव्हा इथं माणसं होती का, असं सुलतानबीनं विचारलं. असावीत, मायाबाई म्हणाल्या. दगडाची हत्यारं सापडतात. त्या माणसांचं पुढं काय झालं, ते अजून कळलेलं नाही. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली.

"मावशी, ही लाकडाची राख नाही. वितळलेला खडक हवेत फुटून गार झाला की त्याची काच होते. त्याच काचेची ही पूड आहे. चाळू नका."

सुलतानबीनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हंजी एवढी वर्सं आमी काच गिळली."

पावसाळ्यात अनसाबाईला दम लागायला लागला. शिरूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि खडी केंद्रावर, दगडाच्या धुळीत कामाला होता का, असं विचारलं. पुढं तिला आडवं पडवेना. भिंतीला टेकून बसायची, सुलतानबी पाठ चोळायची. दिवाळीच्या आधी ती बसल्या जागीच गेली.

सुलतानबीनं चाळणं टाकलं आणि कांद्याच्या वखारीत निवडायला जाऊ लागली. पण तिच्या मुलानं, अक्रमनं, शिरूरचा एक व्यापारी गाठला होता. त्याला पोत्यांनी माल हवा होता. अक्रम ट्रॅक्टर घेऊन दरडीवर गेला. चाळायला बायको अफरीनला आणलं होतं. अफरीनला दिवस गेले होते. सुलतानबी वखारीतून तशीच चालत आली आणि खणलेल्या भगदाडाच्या तोंडाशी बसली.

अक्रमनं समजावलं, चिडला, लोक बघतायत म्हणाला.

"बघू दे. अनसा कशी गेली ते तू बघितलंस," ती म्हणाली. "हिला घरी ने. मी हितनं उठायची न्हाई."

ऊन उतरेपर्यंत ती हलली नाही. शेवटी अक्रमनं मोकळा ट्रॅक्टर वळवला. कित्येक दिवस तो आईशी बोलला नाही.

पण २००५ला भीमेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर लोकांनी पाहिलं, दरड लांबवर ढासळली होती आणि पांढरा थर पार वळणापर्यंत उघडा पडला होता. त्या व्यापाऱ्याला दुसरी माणसं मिळाली. नदीकाठच्या बाया घमेली घेऊन येऊ लागल्या. सुलतानबी एकेकीपाशी जाऊन सांगायची. काहींनी तोंडाला पदर बांधला. काही म्हणाल्या, मातीनं कुणी मरतं का? बोलता बोलता तिलाच खोकल्याची उबळ यायची आणि ती खाली बसायची.

हिवाळ्यात वारा सुटला तेव्हा धुरळा गावात शिरला. सकाळी अंगणात, रांजणाच्या झाकणावर, अफरीनच्या लेकीच्या दुपट्यावर पांढरी साय बसलेली असायची. सुलतानबी ओल्या फडक्यानं ती पुसून घ्यायची. दुपारपर्यंत साय पुन्हा बसलेली असायची.