आईच्या गुडघ्यांचे फोटो

आईचे दोन्ही गुडघे गेले ते शेवंती खुडता खुडता. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात ती जन्मभर उकिडवी बसून फुलं खुडत आली. नाशकात तेव्हा सांधे बदलायची ऑपरेशनं नवी नवी होती. डॉक्टरांनी तिला उभं करून साधा एक्स-रे काढला, सांधा पार झिजलाय म्हणाले आणि तारीख दिली. आई खूश झाली. पुन्हा आपल्या पायांनी मळ्यात जायचं, एवढंच तिला हवं होतं.

पण आमचे थोरले बंधू! कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे यंत्र जितकं मोठं तितका त्यांचा विश्वास जास्त. "एवढं मोठं ऑपरेशन, आणि एकाच फोटोवर?"

"यात सगळं दिसतंय. एमआरआयची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. दादाने मान डोलावली, आणि दुसऱ्याच एका डॉक्टरची चिठ्ठी आणून आईला एमआरआयला नेलं. यंत्रातून बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आत कुनीतरी खणत व्हतं."

घरी आल्यावर वडिलांनी ओट्यावर एक फिल्म उन्हाकडे धरली. काळ्या फिल्मवर आईची हाडं, काप करून शेजारी शेजारी मांडलेली. मग त्यांनी सगळ्या फिल्म पिशवीत घातल्या आणि पिशवी अंगणातल्या लिंबाला बांधली.

देवळा गावाकडचे पाहुणे नाशकातल्या आमच्या नदीवर, गंगेवर, अस्थी सोडायला यायचे, मुक्काम आमच्याकडे. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून ते गाठोडं रात्रभर त्याच फांदीला असायचं.

"जित्या मानसाची हाडं बघू नाय," वडील म्हणाले. "आन् बघितली तर घरात ठेवू नाय."

दादा चिडला, तावातावाने बोलला, पण पिशवी सोडायला त्याचाही हात उठेना. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

पिशवी वाऱ्यावर फडफडायची. आई खाटेवरून तिच्याकडे बघत राहायची. फुलं न्यायला आलेल्या एका बाईने हळूच विचारलं, "कोन गेलं वो?"

"मी," आई म्हणाली. बाई हसली नाही. आईही नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने वडिलांना सांगितलं, "सोडून या." वडिलांनी पिशवी गंगेत सोडली आणि अंघोळ करून ओल्या धोतराने परत आले. मग आईने ऑपरेशनला नाही म्हटलं. "माझं समदं उरकलं. आता कापायचं कुनाला?"

दादाने डॉक्टरांना फोन केला. ते वैतागून म्हणाले, "अहो, मला ते फोटो नकोच होते. तुम्ही त्यांना घेऊन या." आम्ही हातापाया पडलो. ती गेली नाही.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, जमिनीवर बसून सरकत सरकत. वडील तिला चहा द्यायचे, उचलून उन्हात बसवायचे, पण सगळं तोंड फिरवून. एकदा न राहवून मी विचारलंच, तिच्याकडे बघत का नाही?

"बघतो ना," ते म्हणाले. "पन कातडी दिसतच नाय रं."