अंगणातला खांब

...हां, आत्याबद्दल लिहितेयस ना, मग हेही लिही, की लहानपणी भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय ती ताटावर बसायची नाही. आता पूल मोजते. जुन्या पुलाच्या खांबांवर तिनं काचेचे लोलक बसवलेत. यंत्र त्यांच्यावर किरण सोडतं, तो परत येतो, आणि पूल केसभर हलला तरी हिला कळतं.

यंत्र ठेवायला न हलणारी जागा हवी. पुलासमोर, काठावरच तुझ्या थोरल्या काकाचं घर. आत्या म्हणाली, "दादा, तुझ्या अंगणात खांब बांधू का?"

"बांध की! भाडं म्हणून चहा तू करायचास."

दर वेळी आधी पलीकडच्या कड्यावरची खूण बघायची, आपला खांब जागेवर आहे ना ते पडताळायचं, मग पूल मोजायचा, अशी रीत. आत्यानं तेवढं सोडलं. घरचंच अंगण, ते कुठं पळून जातंय!

आणि मग पूल वर यायला लागला. हो गं, वर! यंत्र तसंच दाखवायचं. काका हसून हसून लोळला. "म्हातारा उठून बसतोय वाटतं!"

आत्या नाही हसली. उपग्रहाकडून जागा विचारतात ना, तसल्या तबकड्या आणल्या. एक कड्यावर ठेवली, एक अंगणातल्या खांबावर. पूल होता तिथंच होता. खांब खाली चालला होता. खाली, आणि नदीकडे.

मला एकदम काकूच्या स्वयंपाकघराचं दार आठवलं. घासतं म्हणून काकानं रंधा मारला, तरी परत घासायला लागलं. सांडलेलं पाणी हल्ली एकाच कोपऱ्याकडे धावतं. काकू म्हणाली होती, "बरंय, पुसायचा त्रास वाचला."

आत्यानं भावाला सांगितलं, "दादा, काठ सुटतोय. घर सोड."

"काल पूल उडत होता, आज माझं घर बुडतंय! आधी तुझ्या यंत्राला दवाखान्यात ने."

तेव्हापासून तो तिचा फोन उचलत नाही. ती पलीकडच्या काठावरून यंत्र लावून बसते. पुलाकडे नाही, भावाच्या घराकडे. आत्ता आली ती चपला न काढताच आत. म्हणाली, "आई, वेग वाढलाय."

राहू दे ते लिहिणं. काकूला फोन लाव, काकाला नको. म्हणावं, आजीनं सांगितलंय, पोरांना घे, त्याला हाताला धरून ओढ आणि निघ. आणि हे नक्की सांग, स्वयंपाकघराचं दार लावत बसू नकोस.