दुसरा ट्रे

“तुझं रक्त परत आलं,” डॉक्टर म्हणाले. भर दवाखान्यात. बाकावर पेशंट बसलेले, दारात चपलांचा ढीग. माझ्या हातात सुयांचा ट्रे.

“कसली कावीळ निघाली त्यात. सी का काय म्हणतात. काय काय धंदे करता गं तुम्ही वस्तीत?”

बाकावरची एक बाई पदर सावरून बाजूला सरकली. कुणीतरी हसलं. अकरा वर्षं मी त्या दवाखान्यात झाडू मारला, पट्ट्या धुतल्या, सुया उकळल्या. बोलायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी बोट दाखवून गप्प केलं.

“कपाटाची किल्ली ठेव इथं. उद्यापासून येऊ नको. आणि जाताना तो स्टूल फिनाईलनं पुसून जा.”

माझाच बसायचा स्टूल. आणि मी पुसला! चारही पाय पुसले, फडकं पिळलं, वाळत घातलं. आज आठवलं की डॉक्टरांआधी माझाच राग येतो.

रक्त काही मी हौसेनं दिलं नव्हतं. डॉक्टरांच्या सासूबाईंचं जळगावला ऑपरेशन होतं. सावद्याला आमच्या वस्तीत जीप आली आणि मला नि भिका आबाला बसवून घेऊन गेली. भिका आबा माझा चुलतसासरा. जन्मभर केळीचे घड वाहिलेला माणूस. डॉक्टरांच्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, रक्त मात्र चाललं असतं. आबाचंही परत आलं.

दोन दिवसांत गावभर झालं. आबाचं पोट फुगलेलं होतंच. लोक म्हणाले, पीत असेल चोरून. आबानं दारूला कधी बोट लावलं नव्हतं. ट्रक भरणाऱ्या मुकादमानं त्याला सांगितलं, घडाला हात लावू नको. आबा घरी आला, खाटेवर बसला आणि खांद्यावरचं केळीच्या चिकानं काळं झालेलं फडकं काही त्यानं काढलं नाही.

ते बघून माझं डोकं फिरलं. एसटीनं जळगावला गेले. ज्यानं आमचं रक्त तपासलं त्यालाच गाठलं. नव्वदचं दशक सरत आलेलं, ही तपासणी तिथं नवीनच होती. माणूस बरा होता. त्यानं मला खुर्ची दिली.

“बाई, हा रोग ताटातून येत नाही, पाण्यातून येत नाही. एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. एकच सुई खूप जणांना टोचलेली, असं कधी झालं का?”

मी हसलेच. “साहेब, सुया तर मीच उकळते.”

“प्रत्येक माणसामागं उकळता?”



आमच्या दवाखान्यात दोन ट्रे होते. पहिला मळेवाल्यांचा. त्यातली सुई दर वेळी स्टोव्हवर उकळायची, बोथट झाली की बदलायची. बदललेली सुई फेकायची नाही. दगडावर घासून टोक काढायचं आणि दुसऱ्या ट्रेत टाकायची. दुसरा ट्रे वस्तीचा. आमच्याकडं जुनी लुगडी यायची, उरलेली भाजी यायची, तशी सुईही उतरून यायची. केळी कापणीच्या दिवसांत माणसं घड वाहून मोडून जायची आणि ताकदीच्या लाल सुईसाठी रांग लावायची. डॉक्टर ओरडायचे, “बुडव आणि दे, बुडव आणि दे!” मी कोमट पाण्यात बुडवायची आणि द्यायची. आबा दर आठवड्याला रांगेत. सुया घासताना माझ्याही बोटात किती वेळा घुसल्या. रक्त चोखून टाकायची आणि पुढची सुई घ्यायची.

वस्तीत परत आले ते थेट आबाच्या खाटेपाशी. चार माणसं बोलावली आणि सगळं सांगितलं. ट्रे सांगितला, पाणी सांगितलं, माझे हात सांगितले. काही लपवलं नाही. आबा खाटेवरून माझ्याकडं वळला.

“मंग तू इतके दिवस गप काहून व्हती व, माय?”

“माहीत नव्हतं, आबा.”

“माहीत नव्हतं. पन दोन ट्रे तं दिसत व्हते ना?”

दिसत होते. रोज दिसत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हीच माझी चूक. आबानं शिवी दिली असती तर परवडली असती.

मग आम्ही सरकारी दवाखान्यात हेलपाटे घातले. वस्तीची तपासणी करा म्हणून बसून राहिलो. शेवटी एकदाची शाळेत तपासणी लागली. टेबलापाशी मोठे साहेब. शेजारच्या खुर्चीवर, पाहुणे म्हणून, आमचे डॉक्टर!

रांगेत पहिली मी. साहेबांनी फॉर्म ओढला. नाव, वय, काम.

“दारू?”

“नाही.”

डॉक्टर हळूच म्हणाले, “लिहा हो, सगळेच घेतात.” साहेबांनी पेन टेकवलं.

मी पुढं केलेला हात मागं घेतला. बाही खाली ओढली. माझं माहेर भडगावचं. रागात तोंडाला तिथलीच बोली येते.

“दारू नही शे, साहेब! दुसरा ट्रेनी सुई शे ती. बठ्ठं लिखा! सगळं लिहा!”

“अहो बाई, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.”

“मग मागं लिहा. दोन ट्रे होते लिहा. पाणी मी ओतत होते, माझंही नाव लिहा. हुकूम यांचा होता, यांचंही लिहा. त्याशिवाय हात मिळणार नाही.”

डॉक्टर उठले. “हिला मीच कामावरून काढलंय. हिचं काय ऐकता?”

माझ्यामागं आबा होता. त्यानं बाही खाली ओढली. त्याच्यामागच्या बाईनं ओढली. मग पार दारापर्यंत बाह्या खाली आल्या. साहेबांनी एकदा रांगेकडं बघितलं, एकदा डॉक्टरांकडं. मग कागद उलटा केला आणि लिहिलं. मी वाचून घेतलं, मगच हात पुढं केला.

वस्तीतल्या कितीतरी घरांत तो रोग निघाला. औषध आमच्या आवाक्यात नव्हतं. आबा पुढच्या पावसाळ्यात गेला. कागदामागं लिहिलेलं वाचून कुणी चौकशीला आलं नाही. डॉक्टरांचा दवाखाना चालूच राहिला.

म्हणून मी जाते. वस्तीतलं कुणी सुई घ्यायला निघालं की मी सोबत. सावदा असो, रावेर असो. त्या दवाखान्यातही जाते, त्याच स्टुलावर बसते. कुणी पुसायला सांगून बघावं. आधी उठून ट्रे बघते, मग कंपाउंडरसमोर उभी राहते.

“नवी सुई काढ. पाकीट माझ्यासमोर फोड.”

डॉक्टर तोंड फिरवतात. फिरवू देत. पाकीट फुटेपर्यंत मी तिथून हलत नाही.